मागचे इंजिन

वास्कोहून निघालेली गाडी कुळे स्थानकात थांबली की प्रवासी चहासाठी फलाटावर उतरतात. त्याच वेळी गाडीच्या शेपटीकडे वेगळी लगबग सुरू असते. मागून आणखी इंजिने येऊन शेवटच्या डब्याला भिडतात. रेल्वेच्या बोलीत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढची इंजिने ओढतात, मागची ढकलतात, आणि दूधसागरच्या अंगाखांद्यावरून, एकामागून एक बोगदे पार करत गाडी ब्रागांझा घाट चढून कॅसलरॉकला पोचते. चढ १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे सरकले की एक मीटर वर. आणि असा घाट सुमारे २६ किलोमीटरचा. १८८८ मध्ये मुरगाव बंदराला ब्रिटिश मुलखाशी जोडणारी ही वाट कॅसलरॉकपर्यंत आली, तेव्हा रूळ मीटरगेज होते आणि इंजिने वाफेची. आता ब्रॉडगेजवरून मुरगावचा कोळसा होस्पेट-बळ्ळारीकडे जातो. सव्वाशेहून अधिक वर्षांत बहुतेक सगळे बदलले, मागून ढकलण्याची गरज मात्र तशीच राहिली.

पाऊस ओसरला की याच डोंगरात सायकली दिसू लागतात. बेळगावहून अंधारात निघालेला एखादा गट खानापूर, लोंढा, रामनगर करत उजाडल्यावर जोयडा तालुक्याच्या जंगलात शिरतो. कोणी कॅसलरॉकच्या फाट्याने आत वळून रेल्वे स्थानकापर्यंत जातो, कोणी अनमोड ओलांडून घाट उतरतो आणि मोल्याहून परत फिरतो. बेळगाव-मोले-बेळगाव हे अंतर २०० किलोमीटरच्या आसपास भरते, आणि लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये २०० हा पहिला उंबरठा आहे. उताराची, चढाची, जंगलातल्या एकांताची आणि महामार्गावरच्या ट्रकांची अशी सगळी परीक्षा एकाच दिवसात घेणारा रस्ता या भागात दुसरा शोधणे कठीण.

या गटांनी घाटातल्या रेल्वेकडून एक गोष्ट उचलावी. आपला सर्वांत तगडा गडी मागे लावावा.

आज बहुतेक ठिकाणी उलट घडते. वेगवान मंडळी पुढे निघून जातात, ठरलेल्या हॉटेलवर पोचतात, पोहे-इडली मागवतात. शेवटचा माणूस पोचतो तेव्हा पहिल्यांचा दुसरा चहा झालेला असतो. त्याने बाटली भरून घेईपर्यंत इतरांच्या हेल्मेटचे पट्टे लागू लागतात. म्हणजे ज्याला विसाव्याची गरज सर्वांत जास्त, त्याच्या वाट्याला विसावा सर्वांत कमी. पुढच्या थांब्यावर तेच, त्याच्या पुढच्या थांब्यावरही तेच. दोन-तीन रविवार हे सोसून तो येणे बंद करतो. गटाला वाटते, त्याला जमले नाही. खरे तर त्याला सायकल जमत होती. गटाला त्याला सोबत घेणे जमले नाही.

यात कोणाची दुष्टबुद्धी नसते. वेगाचा आनंद खरा आहे, आणि पहाटेच्या थंड हवेत चाक सणसणत असताना मागे वळून पाहण्याचे भान राहत नाही, हेही खरे आहे. म्हणूनच ही गोष्ट कोणाच्या चांगुलपणावर सोडू नये. कुळ्याला बँकर लावायचा की नाही हे चालकाच्या मनावर सोडलेले नसते. तो नियम आहे.

ज्या राइडसाठी ही सगळी तयारी चालते तिचे स्वरूप ठाऊक नसलेल्यांसाठी थोडे सांगायला हवे. ‘ब्रेव्हे’, किंवा आपल्याकडे रूढ झालेल्या आद्याक्षरांत ‘बीआरएम’, ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत, बाहेरच्या मदतीशिवाय पुरे करायचे: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. मधल्या ‘कंट्रोल’वर कार्डावर शिक्का किंवा नोंद घ्यायची. एका मोसमात हे चारही टप्पे पार करणाऱ्याला ‘सुपर रँदोनर’ म्हणतात. भारतात या राइड ‘ऑडॅक्स इंडिया रँदोनर्स’च्या छत्राखाली होतात, आणि दर चार वर्षांनी फ्रान्समध्ये होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या १,२०० किलोमीटरच्या, जास्तीत जास्त ९० तासांच्या राइडची पात्रताही याच टप्प्यांवरून ठरते. २०१९ आणि २०२३ नंतरची पाळी २०२७ ची.

साडेतेरा तासांत २०० म्हणजे थांबे धरून ताशी पंधराही नाही. कागदावर हे सोपे दिसते. सपाट रस्त्यावर ताशी २२ ने चालवणारा माणूस नऊ तासांच्या सुमारास मोकळा व्हायला हवा. पण वेळ जातो कुठे? दहा जणांच्या गटात दिवसभरात तीन पंक्चर सहज होतात. प्रत्येकी २० मिनिटे धरली तर तिथेच एक तास. दोन खाण्याचे थांबे प्रत्येकी अर्ध्या तासाचे, तो दुसरा तास. पाणी, फोटो, ‘जरा थांबा’ यांत तिसरा. घाटात वेग निम्म्यावर येतो तो वेगळाच. लांब पल्ल्याची राइड पायांच्या ताकदीइतकीच या बारीकसारीक मिनिटांच्या हिशेबावर पार पडते, आणि हा हिशेब एकट्याने व्यायामशाळेत शिकता येत नाही. तो गटातच शिकायचा: एकाने चाक काढायचे, दुसऱ्याने टायरच्या आत बोट फिरवून काटा शोधायचा, तिसऱ्याने नवी ट्यूब थोडी हवा भरून तयार ठेवायची. सरावलेला गट हे काम दहा मिनिटांत उरकतो.

‘ऑडॅक्स’ या शब्दाचा उगमही एकत्र चालण्यातच आहे. १८९७ मध्ये इटलीतल्या काही सायकलस्वारांनी रोमहून नेपल्सपर्यंतचे सुमारे २३० किलोमीटर सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात पार केले. त्यांच्या धाडसाला साजेसा म्हणून ‘धाडसी’ या अर्थाचा लॅटिन शब्द त्यांना चिकटला. १९०४ मध्ये, तूर द फ्रान्स सुरू केल्यावर वर्षभरात, आंरी देग्रांज यांनी ही पद्धत फ्रान्समध्ये आणली. त्या मूळ पद्धतीत गट एकत्र चालतो आणि त्याचा वेग ‘रोड कॅप्टन’ राखतो. आजही युरोपातल्या त्या परंपरेच्या राइडमध्ये ताशी २२.५ किलोमीटरचा वेग धरून सगळे सोबत जातात. कॅप्टनच्या पुढे कोणी जायचे नाही. ज्याने त्याने आपल्या वेगाने जावे ही मोकळीक १९२१ मध्ये पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने वेगळी वाट धरली तेव्हा आली, आणि आपल्याकडे पोचली ती ही दुसरी शाखा. राइडच्या दिवसासाठी ती योग्यच आहे. पण सराव करताना पहिल्या शाखेचे शहाणपण आपण सोडून दिले, आणि ते परत घ्यायला हवे.

गटाने जाण्याचा फायदा विचारला तर कोणीही सायकलस्वार ‘ड्राफ्टिंग’ म्हणेल. पुढच्याच्या आडोशाला राहिले की वारा कापण्याचे श्रम वाचतात. हे किती वाचतात याचा सखोल अभ्यास नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या तंत्रज्ञान विद्यापीठातले बर्ट ब्लोकेन यांनी केला. १२१ सायकलस्वारांचा जथा मांडून २०१८ मध्ये त्यांनी दाखवले की जथ्याच्या पोटातल्या सायकलस्वाराला एकट्याच्या तुलनेत जेमतेम पाच ते दहा टक्के वाऱ्याचा विरोध सोसावा लागतो. दहा-बारा जणांच्या आपल्या गटात एवढा लाभ मिळत नाही, पण मागच्याचे श्रम चांगलेच हलके होतात, हे खानापूरच्या सपाटीवर कोणालाही जाणवते.

घाटात मात्र हे गणित पालटते. एक साधा हिशेब मांडून पाहावा. सायकलसह ८५ किलो वजनाचा माणूस सपाटीवर ताशी ३० ने जातो तेव्हा केवळ हवा कापायला त्याला अंदाजे १४० वॅट मोजावे लागतात. तोच माणूस सहा टक्क्यांचा चढ ताशी दहाने चढतो तेव्हा हवेसाठी लागतात जेमतेम पाच वॅट. बाकीचे १४० स्वतःचे वजन वर उचलण्यात जातात. कष्ट तेवढेच, पण त्यांतला एक वॅटही कोणाच्या आडोशाने वाचत नाही. अनमोड घाटात पुढच्याच्या चाकाला चिकटून काही हाती लागत नाही. उलट नुकसानच होते: दुर्बळ गडी दुसऱ्याच्या वेगाशी ओढाताण करतो आणि माथ्यावर पोचेपर्यंत रिकामा होतो. घाटात गट फुटतो तो म्हणूनच, आणि तो फुटणेच बरोबर आहे. प्रत्येकाने आपल्या श्वासाच्या मापाने चढावे.

मग घाटात गटाचा उपयोग काय? इथे बँकर लागतो.

वेगवान मंडळींना माथ्यावर जाऊ द्यावे; त्यांनी कुठे थांबायचे ते आधी ठरलेले असावे. पण गटात ज्याच्या पायांत सर्वांत जास्त दम आहे तो शेवटच्या माणसाबरोबर राहावा. बरोबर म्हणजे पुढे नव्हे. अर्धे चाक पुढे राहणारा सोबती नकळत वेग वाढवत नेतो आणि मागचा दमत राहतो. बँकर मागे किंवा शेजारी असतो, रस्ता अरुंद असेल तर मागेच. त्याच्या पिशवीत दोन जादा ट्यूब, चेन जोडायची कडी, पंप, मीठ-साखरेची पुडी आणि एखादी जादा बाटली असावी. दर दोन मिनिटांनी ‘ठीक आहे ना?’ विचारण्याची गरज नसते. नवखा हमखास म्हणतो, “तुम्ही व्हा पुढं दादा, येतो मी सावकाश.” त्यावर “घाई नाही मला, इथंच आहे मी” एवढेच पुरते. हे वाक्य ऐकल्यावर माणसाचा श्वास कसा खाली बसतो ते घाटात ज्याने अनुभवले त्याला समजावून सांगावे लागत नाही. एकटा मागे पडलेला माणूस पाय थकण्याआधी मनाने थकतो. इतर वाट पाहत असतील, वैतागले असतील, आपल्यामुळे सगळ्यांना उशीर होतोय, या विचाराने तो पाणी प्यायला थांबत नाही, खायला थांबत नाही, आणि शेवटी त्यामुळेच कोसळतो. बँकर त्याला थांबायला लावतो. हे त्याचे मुख्य काम.

दुसरीही एक पद्धत चांगली आहे. तगडे गडी आपल्या वेगाने माथ्यावर जातात, वळतात, खाली उतरून शेवटच्याला गाठतात आणि त्याच्याबरोबर पुन्हा चढतात. त्यांना एका दिवसात दीडपट-दुप्पट घाट मिळतो. शेवटच्याला सोबत मिळते. कॅसलरॉकला पोचल्यावर बँकर इंजिनेही हेच करतात. गाडीपासून सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा कुळ्याकडे उतरतात.

यावर जाणत्या सायकलस्वारांचा आक्षेप ठरलेला आहे, आणि तो हलका नाही. त्यांचे म्हणणे, ६०० च्या राइडमध्ये रात्री दोन वाजता माणूस एकटाच असतो. तिथे कोणी मागे नसते. बाहेरची मदत नियमातच बसत नाही. सरावात सतत हात धरून नेलेला माणूस त्या रात्री खचणार. त्याला आधीच एकटे पडायची सवय व्हायला हवी. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये विशीच्या उंबरठ्यावर असताना सायकलने जगप्रदक्षिणा केली, बहुतांश वाट एकटीने, सोबत पथकाची गाडी न घेता. १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर. तिथे बँकर कुठून आणणार?

आक्षेपातला अर्धा भाग खरा आहे. एकटे चालवायला शिकलेच पाहिजे, आणि त्यासाठी आठवड्यातले इतर दिवस आहेत: कामावर जाण्याआधीचे चाळीस-पन्नास किलोमीटर, स्वतःचे पंक्चर स्वतः काढणे, काळोखात दिव्याच्या उजेडात चालवणे. पण एकटे राहण्याची सवय लावणे आणि नवख्याला जंगलात मागे टाकून येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोहायला शिकवणारा हळूहळू हात काढून घेतो, पण काठावर उभा असतो. नवखा दोनशे-तीनशेचे टप्पे सोबतीने पार करतो तेव्हा त्याला आपले शरीर कळते. कधी भूक लागायच्या आत खायचे, कोणत्या तासाला मन खचते आणि ते अर्ध्या तासात कसे पुन्हा उभारी धरते, ढोपराचे कोणते दुखणे दुर्लक्षित करायचे आणि कोणते नाही, हे सगळे तो तिथेच शिकतो. हे ज्ञान घेऊन तो रात्रीच्या रस्त्यावर एकटा जातो. ज्याला ते मिळालेच नाही, तो ६०० पर्यंत पोचतच नाही.

तगड्या गड्याचे मात्र यात नुकसान होते, असा एक समज पक्का आहे. हळू चालवून ताकद कशी वाढणार? लांब पल्ल्याच्या खेळांच्या सरावावर अनेक वर्षे संशोधन करणारे स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसले की त्यांचा सुमारे ८० टक्के सराव गप्पा मारता येतील इतक्या सौम्य वेगाचा असतो. उरलेला थोडाच खरा जोराचा. हौशी माणूस बहुधा या दोन्हींच्या मध्ये अडकतो. रोज थोडा जास्तच जोर लावतो आणि खऱ्या जोराच्या दिवशी थकलेला असतो. रविवारी बँकर होऊन पाच-सहा तास सौम्य वेगाने चालवणे हा तगड्याचाही उत्तम सराव आहे. त्याला उलट जास्त काळ खोगिरावर बसायला मिळते, आणि पुढे ४०० किंवा ६०० मध्ये लागते ते नेमके हेच.

महाराष्ट्राच्या सायकलिंगमधली मोठी यशे पाहिली तरी मागे उभा राहणारा माणूस दिसतोच. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. एक चालवत असताना दुसरा गाडीत विसावा घ्यायचा. २०१७ मध्ये नाशिकमध्ये लष्करी सेवेत असलेले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मर्यादेत पार केली. ‘एकट्याने’ हा शब्द तिथे नियमापुरता खरा. रात्रंदिवस मागून येणाऱ्या गाडीत त्यांचे पथक होते, त्यांचे खाणे, झोप, औषध, रस्ता यांचा हिशेब ठेवणारे. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी २०२२ मध्ये कच्छमधल्या कोटेश्वरपासून अरुणाचलातल्या किबिथूपर्यंत सुमारे ४,००० किलोमीटर दोन आठवड्यांच्या आत कापले, तेव्हाही पथक पाठीशी होते. वर्तमानपत्रात नाव चालवणाऱ्याचे येते, ते योग्यच. पण आपण त्या बातम्या वाचून पुढच्या माणसाचे अनुकरण करायला धावतो आणि मागच्यांच्या कामाकडे कोणी पाहत नाही.

बायकांच्या बाबतीत ही गोष्ट आणखी निकडीची आहे. पहाटे चार वाजता घरातून एकटीने सायकल काढणे अजूनही आपल्या गावांत सोपे नाही. घरच्यांचा होकार बहुधा ‘गट आहे ना सोबत?’ या एका प्रश्नावर अडतो. गट आहे असे सांगून ती निघते आणि रामनगरच्या पुढे जंगलात, मोबाइलची रेंज गेलेली असताना, मागून ट्रक येत असताना, मैलभर पुढे-मागे कोणी नाही असे तिला आढळते. पुढच्या रविवारी तिने येऊ नये असे घरच्यांना वाटले तर दोष कोणाला द्यायचा? गट या शब्दाला अर्थ असेल तर तो या मैलात दिसायला हवा.

रस्त्याचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. खानापूरहून रामनगर-अनमोडकडे जाणारा महामार्ग चौपदरीकरणाच्या रखडलेल्या कामामुळे कित्येक वर्षे खड्ड्यांसाठीच ओळखला गेला. २०२५ च्या पावसाळ्यात तर अनमोड घाटात रस्त्याची कड खचली आणि जड वाहनांना काही काळ बंदी घालावी लागली. अशा रस्त्यावर गटाने पाळायच्या गोष्टी काही थोड्या आहेत, पण त्या रोजच्या सवयीत मुरलेल्या हव्यात: महामार्गावर एकामागे एक, पुढच्याने खड्डा दिसताच हात खाली करून दाखवायचा आणि आवाज द्यायचा, मागच्याने ‘गाडी’ म्हणून पुढे सांगायचे. ही साद मागून पुढे जाते. म्हणूनही मागे कच्चा माणूस चालत नाही. ट्रकचा आवाज ओळखणारा, वेळेवर ओरडणारा माणूसच तिथे हवा.

उताराचेही तसेच. कॅसलरॉकहून खाली जाणाऱ्या गाडीचे ब्रेक तपासल्याशिवाय ती घाटात सोडत नाहीत. चढ फक्त दमवतो, उतारावरची चूक जिवावर बेतू शकते, हे रेल्वेने फार पूर्वी ओळखले. सायकलस्वार मात्र माथ्यावर पोचल्याच्या आनंदात, बोटे थंडीने आखडलेली असताना, तशीच सायकल सोडून देतात. अनमोडच्या माथ्यावर प्रत्येकाच्या ब्रेकची पकड, चाकाची कळ आणि टायरची हवा बघायला दहा जणांत पाच मिनिटे लागतात. वळणाच्या आधी वेग मारायचा, वळणात नाही. दोन्ही ब्रेक सतत दाबून न धरता सोडत-दाबत उतरायचे, दोन सायकलींत भरपूर अंतर ठेवायचे. उतारातही बँकर शेवटीच राहतो, कारण पडलेला माणूस पुढच्यांना दिसत नाही.

वारीत हे सगळे आपल्याला ओळखीचे आहे. ज्ञानोबांच्या पालखी सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या क्रमाने चालतात. कोणी कोणाला मागे टाकून पंढरीला लवकर पोचत नाही. नाशिकहून पंढरपूरला सायकलींची वारी निघते तेव्हा तिच्यात साध्या दणकट सायकलीवरचे आजोबा आणि कार्बनच्या सायकलीवरचा तरुण एकाच दिवशी एकाच मुक्कामी पोचतात. तिथे वेगाचा मोठेपणा कोणी मिरवत नाही. रविवारच्या सरावात मात्र मोबाइलमधला सरासरी वेग हाच मानाचा बिल्ला होऊन बसतो. घरी पोचताच आकडा सगळ्यांना पाठवला जातो. किती जण निघाले आणि किती जण सोबत परतले, हा आकडा कोणी पाठवत नाही. तोही पाठवला जावा.

कॅसलरॉकच्या लोकांच्या बाजूनेही याकडे बघायला हवे. हे गाव आणि भोवतालचे जंगल काळी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात येते. गव्यांचा वावर आहे, पहाटे आणि संध्याकाळी जास्तच. विखुरलेला, पाच किलोमीटरभर पसरलेला गट इथे गव्यासमोर कसा वागेल हे कोणीच कोणाला सांगू शकत नाही. एकत्र असलेला गट निदान थांबतो, शांत राहतो. रुळांवरून दूधसागरकडे चालत जाण्यावर बंदी आहे, ती सायकल स्थानकावर लावून ‘जरा बघून येतो’ म्हणणाऱ्यांनाही लागू आहे. वेष्टने आणि बाटल्या परत न्यायच्या. आणि खाण्याचे म्हणाल, तर शहरातून आणलेल्या महागड्या पुड्यांपेक्षा इथलेच काही बरे. जोयड्याच्या कुणबी शेतकऱ्यांनी पिकवलेल्या कंदमुळांचा जोयड्यात दरवर्षी मेळा भरतो. उकडलेले रताळे आणि चिमूटभर मीठ, सोबत केळे: लांब राइडमध्ये तासाला जी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावी लागतात ती यातून उत्तम मिळतात, पोटाला त्रास होत नाही आणि पैसे गावात राहतात.

एक प्रश्न नेहमी पुढे येतो: दर वेळी एकाच माणसाने का मागे राहावे? राहू नये. तगडे गडी तीन-चार असतात. त्यांनी पाळी लावावी. एका रविवारी जो मागे होता तो पुढच्या रविवारी मनसोक्त पुढे जाईल. वर्षाअखेर यंदाचे नवखे त्या पाळीत यायला लागतील. गेल्या हिवाळ्यात ज्याला कोणी “इथंच आहे मी” म्हटले होते, तो या हिवाळ्यात दुसऱ्या कोणाला तेच म्हणेल, आणि त्याला ते चांगले म्हणता येईल, कारण घाटातल्या त्या शेवटच्या वळणांवर काय होते हे त्याने आत्ताआत्तापर्यंत स्वतः अनुभवलेले असेल.

आता नोव्हेंबरपासून ब्रेव्हेंचा मोसम सुरू होतो. शनिवारी संध्याकाळी गटाच्या मोबाइलवर उद्याचा संदेश येतो: निघायची वेळ पहाटे साडेचार, अंतर १४५, कॅसलरॉक आणि परत, हेल्मेट आणि दिवे सक्तीचे, रामनगरला चहा. त्या संदेशात आणखी एक ओळ असावी: उद्या मागे कोण.